दुभाष्यावांचून न्याय

मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हांपासून मराठीच्या हक्कांविषयींची चर्चा सुशिक्षित वर्गांत पुन्हां जोरानें सुरू झाली आहे. या चर्चेंत न्यायालयांच्या भाषेचा विषय वारंवार निघतो. उच्च न्यायालयाचें कामकाज इंग्रजींत चालतें. पक्षकाराला आपल्याच खटल्यांत काय बोललें गेलें तें कळत नाहीं. ज्या निकालानें त्याची जमीन जाते किंवा त्याचा मुलगा तुरुंगांत जातो, तो निकाल त्याला दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो. ही तक्रार खरी आहे व तिला आमचा पूर्ण पाठिंबा आहे. परंतु ही तक्रार करणाऱ्या आमच्या मित्रांना आम्ही एक प्रश्न विचारूं इच्छितों. ज्या तत्त्वावर आपण इंग्रजीविरुद्ध दाद मागतों, तेंच तत्त्व कोणी मराठीविरुद्ध पुढें केलें, तर तें आपण मान्य करणार कीं नाहीं?

प्रश्न काल्पनिक नाहीं. मेळघाटांतील कोरकू, भामरागड-एटापल्लीकडील माडिया, धडगांव-अक्कलकुव्याकडील भिल्ल व पावरा, यवतमाळ जिल्ह्यांतील कोलाम हे सर्व महाराष्ट्राचे नागरिक आहेत. त्यांच्या तालुक्यांतील पोलीस ठाण्याची भाषा मराठी आहे, आणि १९९८ सालच्या अधिसूचनेप्रमाणें दुय्यम न्यायालयांची भाषाहि मराठीच आहे. आपणांस हा मराठीचा विजय वाटतो. परंतु ठाण्याच्या दारांत उभ्या असलेल्या कोरकू बाईला मराठी आणि इंग्रजी यांत फरक काय? दोन्ही परक्याच. मराठी माणसाला मुंबईच्या उच्च न्यायालयांत जी अडचण येते, तीच तिला धारणीच्या ठाण्यांत येते, आणि तीहि अधिक तीव्रतेनें; कारण उच्च न्यायालयांत आपल्या बाजूनें बोलणारा वकील तरी असतो, ठाण्यांत बहुधा कोणी नसतें.

प्रथम कायदा काय म्हणतो तें पाहूं, म्हणजे आम्ही कांहीं नवें मागत आहों असा कोणाचा गैरसमज होणार नाहीं. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अंमलांत आली. तिच्या ३१४ व्या कलमाप्रमाणें, आरोपीला न समजणाऱ्या भाषेंत साक्ष झाली, तर ती त्याला समजेल अशा भाषेंत भर न्यायालयांत सांगितली पाहिजे. १९७३ च्या जुन्या संहितेंतहि हेंच बंधन होतें. दुभाष्यानें खरेंच भाषांतर केलें पाहिजे असें दुसरें एक कलम सांगतें, आणि १९६९ च्या शपथ अधिनियमाप्रमाणें त्याला तशी शपथहि घ्यावी लागते. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदानें अटक झालेल्या माणसाला अटकेचीं कारणें कळविण्याची सक्ती केली आहे. आणि 'कळविणें' म्हणजे काय, याचा निवाडा खुद्द महाराष्ट्रांतील एका प्रकरणांत झालेला आहे. हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६२ सालच्या खटल्यांत स्थानबद्ध इसमाला त्याच्या स्थानबद्धतेचीं कारणें इंग्रजींत देण्यांत आलीं होतीं. त्याला इंग्रजी येत नव्हतें. त्यानें हिंदी भाषांतर मागितलें. राज्यकारभाराची भाषा इंग्रजी आहे, असें सांगून तें नाकारण्यांत आलें. सर्वोच्च न्यायालयानें ही सबब मानली नाहीं. अंमलदारानें तोंडी अर्थ सांगितला एवढ्यानें भागत नाहीं, समजणाऱ्या भाषेंत व लिपींत कारणें हातीं पडलीं पाहिजेत, असें ठरवून त्या न्यायालयानें त्याची मुक्तता केली. पुढें नोव्हेंबर २०२५ मध्यें, महाराष्ट्रांतूनच गेलेल्या एका अपिलांत, प्रत्येक अटकेचीं कारणें अटक झालेल्यास समजणाऱ्या भाषेंत लेखी दिलीं पाहिजेत, असें त्याच न्यायालयानें स्पष्ट केलें.

तेव्हां तत्त्वाविषयीं वाद उरलेला नाहीं. उणें आहे तें निराळ्या ठिकाणीं. दुभाष्यानें खरें बोलावें असें कायदा म्हणतो. पण दुभाषी कोणाला म्हणावें, त्याची परीक्षा कोणी घ्यावी, तो पोलिसांपासून स्वतंत्र असावा कीं नाहीं, याविषयीं त्या कलमांत एक अक्षर नाहीं. सत्याची शपथ आहे, पात्रतेची कसोटी नाहीं. त्याहून विलक्षण तरतूद ३५७ व्या कलमांत आहे. आरोपी वेडा नसूनहि त्याला कामकाज समजावून देतां येत नसेल, तर न्यायालयाला खटला तसाच पुढें चालवितां येतो, आणि शिक्षा झाल्यास कागद उच्च न्यायालयाकडे पाठवावे! म्हणजे समजलें नाहीं तरी खटला थांबत नाहीं. न समजल्याची फक्त वर्दी जाते. मूकबधिरांसारख्या अपवादात्मक प्रसंगांसाठीं हें कलम आहे हें आम्ही जाणतों. परंतु कायद्याचा कल कोणीकडे आहे, तें त्यावरून दिसतें.

आतां एका जबाबाचा प्रवास पाहूं. गांवांत मारहाण होते. कोरकू बाई आपल्या भाषेंत हकीकत सांगते. गांवांतील कोणी मराठी जाणणारा, किंवा ठाण्यांतीलच एखादा शिपाई, ती ठाणे-अंमलदाराला मराठींत सांगतो. अंमलदार ती आपल्या ठराविक साच्यांत लिहितो. 'सबब', 'येणेंप्रमाणें', 'सदर इसम', 'माझा जबाब मला वाचून दाखविला तो माझे सांगणेप्रमाणें बरोबर आहे', ही भाषा पुण्याच्या पदवीधरालाहि घरची वाटत नाहीं. ती त्या बाईच्या तोंडीं घालण्यांत येते. तपासांत घेतलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सहीहि घ्यावयाची नसते. पुढें वर्षें लोटतात. सत्र न्यायालयांत ती पुन्हां कोरकूंत बोलते. दुसराच कोणी तिचें बोलणें मराठींत आणतो. तें लिहून घेतलें जातें. अपील झालें तर सर्व कागदांचें इंग्रजी भाषांतर होऊन तें मुंबईस किंवा नागपुरास जातें. एका बाईचें एक वाक्य तीन भाषांतून व चार तोंडांतून गेल्यावर न्यायमूर्तींच्या टेबलावर येतें.

इतक्यावर गोष्ट संपली असती तरी एक वेळ चाललें असतें. परंतु पुरावा-कायद्याचा नियम असा आहे कीं साक्षीदाराचें न्यायालयांतील बोलणें आणि त्याचा पूर्वीचा जबाब यांत फरक पडला, तर तो फरक त्याच्यासमोर ठेवून त्याला खोटें ठरवितां येतें. उलटतपासणीचा निम्मा डोलारा या विसंगतीवर उभा असतो. नियम योग्यच आहे. पण तो धरून चालतो कीं दोन्ही बोलणीं त्या साक्षीदाराचीं आहेत. येथें तर पहिलें बोलणें शिपायाच्या मराठींतील आहे व दुसरें न्यायालयाच्या दुभाष्याच्या मराठींतील. दोन भाषांतरांतला फरक साक्षीदाराच्या प्रामाणिकपणांतला फरक म्हणून मोजला जातो. मूळ शब्द कोठेंच नोंदलेले नसल्यामुळें चूक कोणाची हें ठरविण्याचें साधनहि उरत नाहीं. फिर्यादी असेल तर तिचा शत्रु सुटतो. आरोपी असेल तर तो स्वतः अडकतो.

हा फरक बारीकसारीक शब्दांचा आहे, त्यानें काय बिघडतें, असें म्हणणारांसाठीं एक उदाहरण देतों. मराठींत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. 'आम्ही गेलों' यांत ऐकणारा वगळलेला असतो, 'आपण गेलों' यांत तो धरलेला असतो. इंग्रजींत दोहोंसाठीं एकच शब्द आहे. साक्षीदार समोरच्या माणसाशीं झालेलें संभाषण सांगत असतां 'आपण' म्हणाला कीं 'आम्ही' म्हणाला, यावर तो समोरचा माणूस कटांत होता कीं नव्हता हें ठरूं शकतें. आणि इंग्रजी नोंदींत हा भेद साफ बुडतो. मराठी वाचकाला हा अन्याय तात्काळ पटेल. आतां कोरकूकडे पहा. ती मुंडा कुळांतील भाषा. तिच्यांत एकवचन व अनेकवचन यांच्या जोडीला द्विवचन आहे. आपल्या एका 'आम्ही'च्या जागीं तिच्यांत 'आम्ही दोघे' आणि 'आम्ही पुष्कळ' असे दोन निरनिराळे शब्द आहेत, आणि 'आपण'च्या जागींहि तसेच दोन. दुभाष्यानें घाईंत या दोहोंचें नुसतें 'आम्ही' केलें कीं संख्या गेली. आणि फौजदारी कायद्यांत संख्येला केवढें महत्त्व! पांच माणसें असलीं कीं जमाव बेकायदेशीर होतो. पांच असलीं कीं चोरीजबरीचा दरोडा होतो व शिक्षा कितीतरी वाढते. 'आम्ही दोघे गेलों' असें सांगणाऱ्या माणसाच्या नांवावर 'आम्ही गेलों' एवढेंच लिहिलें गेलें, तर ते दोघे होते कीं सात, हें दुसऱ्या कोणाच्या तोंडून ठरावयाचें. इंग्रजीनें आपला एक भेद बुडविला तर आपण ओरडतों. मराठीनें कोरकूचा भेद बुडविला तर तिकडे आपलें लक्षहि जात नाहीं.

या मागणीवर जे आक्षेप घेतले जातात त्यांचा आतां विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं या लोकांना आतां मराठी समजतें. शाळा झाल्या, रस्ते झाले, बाजारांत ते मराठी बोलतात. बाजारांत मिठाचा भाव विचारण्यापुरती भाषा येणें आणि उलटतपासणीला तोंड देण्याइतकी भाषा येणें यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. आमचा वाचकवर्ग इंग्रजी शिकलेला आहे. इंग्रजींत पत्रव्यवहार करणाऱ्या व वर्तमानपत्रें वाचणाऱ्या आमच्या या वाचकांपैकीं किती जण परक्या देशांतील न्यायालयांत, जिवावरचा आरोप डोक्यावर असतां, 'होय कीं नाहीं, एवढेंच सांगा' असें दरडावणाऱ्या वकिलाला इंग्रजींत निर्धास्त उत्तरें देतील? मॉरिशसमध्यें एका मल्याळी शेतकऱ्यावर चाललेला खटला येथें आठवण्यासारखा आहे. दुभाषी न्यायालयांत हजर होता; पण साक्षींचें भाषांतर त्यानें आरोपीला सांगितलें नाहीं. १९९३ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें एवढ्याच कारणावरून ती शिक्षा रद्द केली. आरोपीचें शरीर न्यायालयांत असणें म्हणजे आरोपी हजर असणें नव्हे, हें इंग्लंडांतील न्यायालयानें १९१५ सालीं एका चिनी आरोपीच्या अपिलांत सांगून ठेविलेंच होतें.

दुसरा आक्षेप, या भाषा नव्हेतच, मराठीच्या बोली आहेत. हा आक्षेप घेणाऱ्यांनीं ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-पाहणीचा १९०६ सालीं प्रसिद्ध झालेला चौथा खंड एकदां उघडून पाहावा. गोंडी व कोलामी द्रविड कुळांतील, कोरकू मुंडा कुळांतील; त्यांचें मराठीशीं शेजारपणाचें नातें आहे, रक्ताचें नाहीं. भिली मात्र आर्य कुळांतील आहे. पण कुळ एक म्हणून एकमेकांचें बोलणें समजतेंच असें असतें, तर बंगाल्याशीं बोलतांना आपल्याला हिंदीचा आधार घ्यावा लागला नसता. २०११ च्या शिरगणतींत देशभर गोंडी बोलणारे सुमारें २९ लाख, कोरकू बोलणारे सात लाखांवर आणि भिली गटांतील बोलणारे एक कोटीवर भरले. यांपैकीं एकहि भाषा संविधानाच्या आठव्या अनुसूचींतील २२ भाषांत नाहीं. संथाली व बोडो यांना २००३ सालच्या घटनादुरुस्तीनें तेथें जागा मिळाली. या अजून बाहेर आहेत.

तिसरा आक्षेप खर्चाचा. शिरगणतींत १३६९ मातृभाषा नोंदल्या आहेत, तेवढ्या दुभाष्यांना कोण पोसणार, असें विचारलें जातें. धारणीच्या ठाण्याला १३६९ भाषांचा दुभाषी नको आहे. त्याला कोरकूचा हवा आहे. कोणत्या तालुक्यांत कोणती भाषा चालते हें सरकारला पक्कें ठाऊक आहे. शिवाय ही व्यवस्था करतां येते याचा पुरावा सरकारनेंच दिलेला आहे. लैंगिक अत्याचारांपासून बालकांचें संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्यांत, बालकाची हकीकत त्याला न समजणाऱ्या भाषेंत लिहिली जात असेल तर दुभाषी दिलाच पाहिजे, असें स्पष्ट कलम आहे. आणि त्याखालील २०२० च्या नियमांनीं प्रत्येक जिल्ह्यांत दुभाषे, भाषांतरकार व विशेष शिक्षक यांची नोंदवही ठेवण्याचें काम जिल्हा बाल संरक्षण कक्षावर सोंपविलें आहे. बालकासाठीं जी नोंदवही ठेवणें शक्य आहे, ती त्याच्या आईसाठीं अशक्य कशी होते? खर्च आरोपीकडून वसूल करावा असेंहि कोणी सुचवील. तर युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें १९७८ सालींच जर्मनीविरुद्धच्या प्रकरणांत सांगितलें आहे कीं दुभाष्याचें साहाय्य विनामूल्य म्हणजे शेवटपर्यंत विनामूल्य. दोषी ठरल्यावरहि त्याचें बिल त्याच्या हातीं देतां येत नाहीं. ज्या आंतरराष्ट्रीय करारांत हा हक्क लिहिलेला आहे, त्याला भारतानें १९७९ सालीं मान्यता दिली आहे.

चौथा आक्षेप नव्या काळचा आहे. यंत्रें आतां भाषांतर करूं लागलीं, मग माणसें कशाला? सर्वोच्च न्यायालयानें २०१९ सालीं 'सुवास' नांवाची यांत्रिक भाषांतराची योजना सुरू केली व निकाल देशी भाषांत आणण्यास आरंभ केला, हें अभिनंदनीय आहे. परंतु यंत्र शिकतें तें छापील मजकुरावर. ज्या भाषेंत कायद्याचा मजकूर छापलेलाच नाहीं, ती भाषा यंत्र कोठून शिकणार? आणि निकालाचें भाषांतर हें शेवटचें काम झालें. अन्याय व्हावयाचा तो पहिल्या जबाबाच्या वेळींच होऊन गेलेला असतो.

हाच विचार न्यायालयाबाहेरहि लागू आहे. संकटकाळीं ११२ हा क्रमांक फिरवावा असें आपण सर्वांना सांगतों. सर्पदंश झालेल्या मुलाच्या बापानें तो फिरविला, आणि उचलणाऱ्याला त्याची पावरी भाषा समजली नाहीं, तर त्या क्रमांकाचा उपयोग काय? न्यायालयांतील चूक अपिलांत दुरुस्त होण्याची निदान आशा असते; येथें अपील नाहीं.

आतां शेवटचा आक्षेप. तो मोठ्यानें बोलला जात नाहीं, पण सर्वांच्या मुळाशीं तोच आहे. महाराष्ट्रांत मराठीच चालावी. इतर भाषांना ठाण्यांत व न्यायालयांत जागा दिली तर मराठी दुबळी होईल. या भीतीला इतिहासानें उत्तर दिलें आहे. इंग्लंडांत न्यायालयांची भाषा फ्रेंच होती. १३६२ सालीं तेथील पार्लमेंटनें कायदा केला कीं लोकांना आपल्याविरुद्ध काय बोललें जातें तें कळत नाहीं, म्हणून यापुढें वाद इंग्रजींत चालावे. तो कायदा स्वतः फ्रेंच भाषेंत लिहिलेला होता! नोंदी लॅटिनमधून इंग्रजींत येण्यास १७३३ साल उजाडलें. इंग्रजीनें हा हक्क इतक्या कष्टानें मिळविला. पण मधल्या काळांत, १५३६ सालीं, त्याच पार्लमेंटनें वेल्समधील न्यायालयांत इंग्रजीची सक्ती केली, आणि जी गाऱ्हाणीं इंग्रज शेतकरी फ्रेंचविरुद्ध मांडीत होता तींच वेल्श शेतकरी इंग्रजीविरुद्ध मांडूं लागला. त्याला आपली भाषा न्यायालयांत बोलण्याचा व सरकारी खर्चानें दुभाषी मिळण्याचा हक्क १९४२ च्या कायद्यानें मिळाला. मध्यें चारशें वर्षें गेलीं. वेल्शला न्यायालयांत जागा मिळाल्यानें इंग्रजी दुबळी झाली, असें कोणी म्हणूं शकेल काय?

आपण आज इंग्लंडच्या त्या मधल्या अवस्थेंत आहों. आपला हक्क मागतांना आपला आवाज मोठा होतो, दुसऱ्याचा हक्क देतांना बसतो. बेळगांवच्या मराठी माणसाला सरकारी कागद मराठींत मिळावे अशी आपण मागणी करतों, आणि ती योग्य आहे. पण बेळगांवांत जें न्याय्य आहे तें भामरागडांत अन्याय्य ठरत नाहीं. जो समाज एकाच मापानें दोन्हीकडे मोजीत नाहीं, त्याच्या मागणीला लोक हक्क म्हणत नाहींत, हट्ट म्हणतात.

काय करावें, हेंहि आम्ही स्पष्ट सांगतों. एक, न समजणाऱ्या भाषेंतील प्रत्येक जबाबाचें मूळ बोलणें ध्वनिमुद्रित करून जपावें. नव्या संहितेनें ध्वनिचित्रमुद्रणाची मुभा दिलीच आहे. येथें तिची सक्ती करावी, म्हणजे भाषांतराविषयीं वाद निघाल्यास मूळ शब्द ऐकतां येतील. दुसरें, बालकांसाठीं असलेली दुभाष्यांची जिल्हा-नोंदवही सर्व फिर्यादी, साक्षीदार व आरोपी यांच्यासाठीं खुली करावी, आणि तींत मूकबधिरांच्या खुणांच्या भाषेचे जाणकारहि असावेत. तिसरें, तपास करणाऱ्या ठाण्याचा नोकर त्याच तपासांत दुभाषी असूं नये. चौथें, हें काम पगाराचें व परीक्षेचें व्हावें. या चौथ्या गोष्टीचा भार आम्हां प्राध्यापकांवर आहे. गडचिरोलीचें गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून उभें आहे. अमरावती व जळगांव येथें विद्यापीठें आहेत. गोंडी, कोरकू व भिली भाषांच्या न्यायालयीन दुभाष्यांचा वर्षभराचा अभ्यासक्रम चालविणें त्यांच्या आवाक्याबाहेरचें नाहीं. त्या भाषा बोलणारे पदवीधर तरुण आतां आहेत. त्यांच्या भाषाज्ञानाला पगार देणारी जागा तेवढी नाहीं. भाषा संचालनालयानें इंग्रजी कायद्याचे शब्द मराठींत आणण्यासाठीं कोश रचले. 'जामीन', 'कोठडी', 'माफीचा साक्षीदार' हे शब्द कोरकू व माडिया माणसाला त्याच्या भाषेंत कसे समजावून सांगावे, याची एक लहानशी पुस्तिका त्याच संचालनालयानें त्या तरुणांकडून करवून घ्यावी.

शिवकालांत राज्यव्यवहारकोश रचला गेला तो दरबारांतील फारसी शब्दांना पर्याय देण्यासाठीं. राज्याची भाषा प्रजेची असावी, या विचाराचा अभिमान आपण आजहि सांगतों. त्या अभिमानाला जागावयाचें असेल, तर प्रजा म्हणजे केवळ आपण नव्हे, हें मान्य करावें लागेल. येत्या अधिवेशनांत मराठीच्या हक्कांचा ठराव जेव्हां मांडला जाईल, तेव्हां त्याच ठरावांत कोरकू, गोंडी, भिली व कोलामी भाषकांच्या दुभाष्याची मागणी जोडावी, अशी आमची वाचकांस विनंति आहे. ती जोडण्यास जे तयार नसतील, त्यांनीं उच्च न्यायालयांत मराठी मागतांना न्यायाचें नांव घेऊं नये.